विशेष घटना : निरंक

माझ्या अहवालामुळे एक माणूस चोर ठरला. तो चोर नव्हता. हे मला सोळा दिवसांनी कळलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. लातूर जिल्हा नवा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि पावसाने सलग दगा दिला होता. मी चोवीस वर्षांचा होतो. आज माझ्या मोठ्या मुलीचं वय जवळपास तेवढंच आहे.

मी मूळचा मुदखेडचा. वडील रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. आमच्याकडे तेव्हा एकेरी मार्ग होता, आणि पुढच्या स्टेशनपर्यंतचा रस्ता मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला लोखंडी गोळा मिळायचा. गोळा हातात नाही तर गाडी हलणार नाही, आणि एका वेळी यंत्रातून एकच गोळा बाहेर येणार. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी कुणाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहावं लागत नाही, यंत्रच चुकीची गोष्ट घडू देत नाही, याचं मला लहानपणी फार अप्रूप होतं.

पुढे विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना एका सरांनी हीच गोष्ट फळ्यावर वर्तुळं आणि बाण काढून शिकवली. वर्तुळ म्हणजे अवस्था, बाण म्हणजे घटना. पंप बंद असतो किंवा चालू असतो, मधलं काही नसतं. एखादी घटना घडली की तो एका वर्तुळातून दुसऱ्यात जातो आणि पुढची घटना घडेपर्यंत तिथेच बसून राहतो. ज्या घटना आपल्या हातात आहेत त्यांना योग्य वेळी अडवायचं, एवढंच नियंत्रण करणाऱ्याचं काम. मला ते इतकं आवडलं की मी मेसमधल्या भाकरीच्या रांगेचीही वर्तुळं काढून ठेवली होती.

पास झाल्यावर लातूरला टंचाईच्या कामासाठी उघडलेल्या एका तात्पुरत्या कार्यालयात मला नोकरी मिळाली. त्या कार्यालयात कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. निम्मी माणसं जुन्या जिल्ह्यातून बदलीवर आलेली. त्यांच्या ट्रंकांना अजून कुलपं होती, शनिवारी दुपारीच ती एस.टी. गाठायची. लातूरची माणसं म्हणायची की यांनी कामाच्या फायली तिकडेच ठेवल्या आणि इकडे नुसते गठ्ठे आणले. बदलीवर आलेली म्हणायची की लातूरवाल्यांना जिल्हा मिळाला, आता कपाटंही पाहिजेत. आमचे साहेब दोघांनाही मानत नसत. स्वतःच्या कपाटाला कुलूप लावून ते दोनदा ओढून बघत, आणि जिना उतरून गेल्यावर एकदा परत येत.

"पाणी कमी आहे हे खरं," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "पण जेवढं आहे तेवढंही गावात पोचत नाही. मधे कुठं जातं, ते मला शोधून दे."

औशाच्या रस्त्याला एका मोठ्या विहिरीवर आमचं टँकर भरायचं ठिकाण होतं. विहिरीला पाणी बरं होतं. तिथून आसपासच्या गावांना टँकर जात. किती गेले याचा मेळ लागत नव्हता. मी महिनाभर खपून तिथे एक पेटी बसवली. प्रत्येक गावासाठी एक पितळी बिल्ला. टँकरवाल्याने तो पेटीच्या खाचेत घातल्याशिवाय पंपाच्या स्टार्टरला वीज मिळणार नाही. बिल्ला आत गेला की हिरवं बटण दाबायचं, पंप चालू. टँकर भरला की लाल बटण, पंप बंद. मग बिल्ला काढून टँकर फाटकाकडे जाणार, दांडा वर होणार, गाडी बाहेर. पंप किती वेळा सुरू झाला ते एक काउंटर मोजणार, दांडा किती वेळा उठला ते दुसरं. एका सुरुवातीला एक टँकर. संध्याकाळी दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत.

त्याचा आराखडा मी आलेखाच्या कागदावर काढला होता. पाच वर्तुळं, सात बाण. साहेबांनी तो काचेखाली ठेवला.

बटणं दाबायला तिथे आप्पा होते. वय चाळिशीचं, निलंग्याकडचे लिंगायत, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीही घेत नसत. चार वर्षं रोजंदारीवर होते. नव्या जिल्ह्याचा आकृतिबंध मंजूर होणार आणि जुन्या रोजंदारीवाल्यांतून काही जण कायम होणार, अशी तेव्हा चर्चा होती. आप्पांचं नाव त्या यादीत होतं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत, पण महिन्यातून एकदा काही तरी निमित्त काढून कार्यालयात यायचे आणि टायपिस्टच्या टेबलापाशी उगाच उभे राहायचे.

मी त्यांना एक वही दिली. तारीख, टँकर, गाव, आणि शेवटचा रकाना 'विशेष घटना'.

"ह्याच्यात काय लिवायचं?" त्यांनी विचारलं.

"काही घडलं तर लिहायचं."

"आन न्हाई घडलं तर?"

"निरंक लिहा."

पहिल्या आठवड्यातच आकडे फुटले. पंप एकतीस वेळा सुरू, टँकर सत्तावीस. दुसऱ्या दिवशी एकोणतीस आणि सव्वीस. रोज दोन, तीन, चार जादा, आणि नेहमी पंपाचेच जादा. मी वही उघडली. शेवटच्या रकान्यात सरळ अक्षरात ओळीने निरंक, निरंक, निरंक.

ते बघून मला काय वाटलं ते नीट आठवतं. आनंद झाला. माझी पेटी चालते आहे, तिने चोर पकडला आहे, असा तो आनंद होता. पाणी फाटकातून न जाता कुठे तरी जातं आहे, आणि जो माणूस ते जाऊ देतो तोच रोज निरंक लिहितो आहे.

एकदा शक आला की पुराव्याला तोटा नसतो. नळी जिथे पाइपाला जोडली होती तिथून पाणी ठिबकायचं, आणि शेजारच्या वस्तीवरच्या दोन-तीन बायका त्याखाली घागरी लावून बसायच्या. आप्पा त्यांना हाकलत नसत. हे मी टिपलं. एक टँकरवाला आप्पांना "दाजी" म्हणून हाक मारायचा. चौकशी केली तर तो त्यांच्या सासुरवाडीचा निघाला. हेही टिपलं. तो आला की आप्पा हसून बोलत, आणि बाकीच्यांशी कमी. तेसुद्धा.

मग एक दिवस मी सकाळपासून तिथेच बसलो. आप्पांनी मला बाज टाकून दिली. उन्हाने विहिरीचे दगड पांढरे पडले होते. मधे लाईट गेली तेव्हा आम्ही चहा घेतला. ते मुदखेडबद्दल विचारत होते.

"तिकडं पाऊस हाय का सायेब?"

"आमच्याकडेही नाही."

"मंग ह्या साली समद्यांचंच सारकं झालं," ते म्हणाले. लाईट आली, ते उठले, अर्धा राहिलेला टँकर भरून दिला. दुपारी पुन्हा गेली, पुन्हा आली. मी डबा खायला अर्धा तास रस्त्यापलीकडच्या झाडाखाली गेलो होतो. संध्याकाळी तीन जादा. मी त्या अर्ध्या तासाला गोल केला आणि समोर लिहिलं, 'माझ्या अनुपस्थितीत.'

आप्पांना साहेबांसमोर बोलावलं. ते धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांना यादीचं काही असेल असं वाटलं असावं.

"रोज तीन-चार वेळा पंप कशासाठी चालू करता?" साहेबांनी विचारलं.

"टँकर भराया."

"टँकरपेक्षा जास्त वेळा होतो. बाकीचं पाणी कुणाला?"

"कुणालाच न्हाई सायेब. बिल्ला घातल्याबिगर ते चालूच व्हत न्हाई. ह्यांनीच केलंय ते." त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "आप्पा, काही घडत असेल तर सांगून टाका. दिवसभरात तिथं काय काय होतं?"

"काईच व्हत न्हाई. टँकर येतो, भरतो, जातो."

"तुम्हाला दाजी म्हणतो त्याचा टँकर?" साहेबांनी विचारलं.

 आप्पांनी सदऱ्याच्या आत हात घालून इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर हात ठिवून सांगतो, एक तांब्या पानी इकडचं तिकडं केलं न्हाई."

त्या शपथेचं वजन मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कॅरम खेळतानाही शपथ घेतात. मी अहवालात लिहिलं, 'सदर इसमाने शपथेवर इन्कार केला, तथापि यंत्रावरील नोंदी पाहता तो विश्वासार्ह वाटत नाही.' हे वाक्य माझं आहे. साहेबांनी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा कामावर नव्हते. साहेबांनी त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने फुली केली. यादी महिनाअखेर वर जायची होती, शाई तेव्हा.

त्यांच्या जागी दुसरा माणूस आला आणि पहिल्याच संध्याकाळी पुन्हा तीन जादा आले. मला आधी वाटलं, सगळेच चोर आहेत. दोन आठवडे मी तसंच समजत होतो. नव्या माणसाचं खातंही मी उघडलं होतं, त्याच्या मेहुण्याचा टँकर शोधत होतो.

सोळाव्या दिवशी मी पेटीचं दार उघडून तेल द्यायला तिथे उभा होतो. टँकर अर्धा भरला असताना लाईट गेली. पंपाचा आवाज खाली बसला. नव्या माणसाने बिडी काढली. दहा मिनिटांनी लाईट आली, त्याने हिरवं बटण दाबलं आणि माझ्या नाकासमोर काउंटर टक् करून एक घर पुढे गेलं.

टँकर तोच. बिल्ला तोच, खाचेतून हललाही नव्हता.

वीज गेली की स्टार्टर आपोआप सुटतो आणि आल्यावर पुन्हा बटण दाबावं लागतं, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. मुदखेडला आमच्या घरात लाईट गेली की आई बोलणंसुद्धा थांबवत नसे, बोलता बोलता चिमणी लावायची. लातूरला त्या उन्हाळ्यात लाईट दिवसातून तीन-चार वेळा जायची. मी सात बाण काढले आणि त्यात आठवा काढला नाही, कारण लाईट जाणं ही काही घटना आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आप्पांच्याही आलं नाही. रकाना उघडून बसलेल्या माणसाच्या समोर ती रोज घडत होती आणि तो प्रामाणिकपणे निरंक लिहीत होता. आणि मी त्या वेळी बाजेवर बसून त्यांचा चहा पीत होतो.

त्या दुपारी मी सरळ कार्यालयात जायला हवं होतं. पेन्सिलीची फुली खोडायला नुसतं रबर पुरलं असतं. मी पेचकस घेतला. काउंटरची तार स्टार्टरवरून काढली आणि बिल्ल्याच्या खाचेवर जोडली, म्हणजे आता तो पंपाची सुरुवात नव्हे, आत गेलेला बिल्ला मोजणार होता. दहा मिनिटांचं काम. त्या दिवसापासून दोन्ही आकडे जुळायला लागले.

साहेबांनी आठवडाभर जुळलेले आकडे पाहिले आणि वरिष्ठांना पेटी दाखवली. "एक माणूस काढला आणि गळती थांबली," ते म्हणाले. मी शेजारी उभा होतो. मधे नवा माणूस लागूनही दोन आठवडे आकडे चुकत होते, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी आठवण करून दिली नाही. मी चूक दुरुस्त केली होती, आणि तसं करताना आप्पांच्या बाजूचा एकमेव पुरावा पुसून टाकला होता. मला हे तेव्हाच कळत होतं. यादी माझ्यापासून दोन टेबलांवर टाइप होत होती. आप्पांच्या जागी दुसरं नाव आलं. मला माझी नोकरी, माझा आराखडा आणि साहेबांची शाबासकी जपायची होती. याला दुसरं कारण शोधायचा मी बरीच वर्षं प्रयत्न केला. नाही सापडलं.

पुढे मी एम.ई. केलं आणि नांदेडला एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागलो. हाच विषय शिकवतो. घटना दोन प्रकारच्या, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, हे सांगताना दर वर्षी ही विहीर उदाहरण म्हणून येते. मी ते असं सांगायचो, जणू कुणा तिसऱ्याच इंजिनिअरची ही गंमत. मुलं हसतात. या वर्षी निलंग्याकडची एक मुलगी हसली नाही.

"सर, मग त्या पंपवाल्या काकांना परत घेतलं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या गावी गेलो. फाट्यावर उतरून चालत गेलो. आप्पा ओसरीवर तूर निवडत बसले होते. केस पांढरे झालेले, भस्माचे पट्टे तसेच. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"मुदखेडचे इंजनेर," ते म्हणाले. "आता कोणची चौकशी हाय?"

"चौकशी नाही आप्पा. बोलायला आलोय."

"कागद आनलाय का काई? मी सही करत न्हाई." मग घरात बघून त्यांनी हाक दिली, "सूनबाई, पानी आना."

मी सगळं सांगितलं. लाईट, बटण, काउंटर, तार. ते ऐकताना त्यांचा हात तुरीत फिरत राहिला.

"तुमी मला इचारलं का न्हाई, लाईट जाती का म्हनून?"

"मी विचारलं होतं, दिवसभरात काय होतं."

"लाईट जानं म्हंजे काय व्हनं हाय का?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुमाला कदी कळलं?"

मला वाटलं होतं की एवढं विचारणार नाहीत.

"सोळा दिवसांनी."

त्यांनी बोटांवर काही मोजलं. "तवर लिस्ट वर गेली नव्हती."

"नाही."

"कळून गप बसलाव."

"हो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिवी देतील. ते म्हणाले, "नोकरीचं जाऊ द्या. गावानं काय धरलं माहीत हाय का? आप्पानं लिंगावर हात ठिवून खोटं बोललं. मठात दासोहाला मी वाढाया उभा राहायचो. पंगतीतली मानसं ताटावर हात आडवा धराया लागली. मंग मी जानंच सोडलं." ते उठले, टोपी घातली. "मला सांगून काय उपेग? मला तर ठाव व्हतं. चला."

ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सात-आठ माणसं बसली होती. आप्पांनी मला मधे उभं केलं आणि म्हणाले, "हे सायेब काय म्हनत्यात ते ऐका."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. वर्गात सांगतो त्यापेक्षा नीट सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर एक म्हातारा म्हणाला, "लाईट तर रोजच जाती. त्यात काय सांगायचं?"

"इलेक्शनच्या तोंडावर बरे घावले सायेब," दुसरा म्हणाला. दोघे-तिघे हसले. आप्पांचा पुतण्या ग्रामपंचायतीला उभा होता, हे मला तेव्हा कळलं.

"मी स्वतः होऊन आलोय," मी म्हणालो.

"इतक्या वर्सांनी? आन नेमकं आताच?" तो म्हणाला. "कोनत्या पार्टीचे तुमी?"

मी खिशातून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. ते हातोहात फिरलं. एकाने उलटं करून मागची बाजू बघितली. "हे तर कुटंबी करून मिळतंय," तो म्हणाला आणि परत दिलं. मी म्हणालो की मी शपथ घ्यायला तयार आहे. त्यावर त्यांनी एकमेकांकडे कसं बघितलं ते मी पाहिलं. तसं बघणं मला माहीत होतं. साहेबांच्या खोलीत मी तसाच बघत होतो.

आप्पा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हणालो, "मी लिहून देतो. सही करून, शिक्का मारून."

"कागद नगं. कागदानंच झालं ते."

लातूरची गाडी लांबून दिसली. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले, रस्त्यावर माणसं होती.

"पुन्हा येतो," मी म्हणालो.

"या," आप्पा म्हणाले. "पर इलेक्शन झाल्यावर या. तवा कुनाला शक येनार न्हाई."

मतं मोजून आज नऊ दिवस झाले. पुतण्या पडला, हे मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. उद्या सकाळी नांदेडहून पहिली गाडी सहाला आहे.